खाऱ्या पाण्याचं काँक्रिट, न गंजणारी सळई: प्रकल्प नोंदी

3 ऑक्टोबर 2024

काय बांधायचं ते ठरलं. भरतीच्या रेषेलगत जाणाऱ्या पायवाटेसाठी ओतीव लाद्या. लादी 2 मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, 100 मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांना आडव्या तुळयांवर टेकलेली. खाली उधाणाचं पाणी येणार, वरून फवारे बसणार. काँक्रिटची सगळ्यात कठोर परीक्षा नेमकी याच पट्ट्यात होते. कायम पाण्याखाली असलेल्या भागात ऑक्सिजन कमी पोहोचतो, म्हणून तिथे गंज सावकाश चढतो. पण जिथे पृष्ठभाग ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो, तिथे प्रत्येक फेरीत मीठ थोडं आत सरकतं आणि हवाही मिळत राहते.

प्रकल्पाचा हेतू दोन ओळीत: शक्य तितकं साहित्य किनाऱ्यावरचंच असावं आणि किनाऱ्याची झीज मात्र होऊ नये. गोडं पाणी, नदीची वाळू, शंभर टक्के पोर्टलंड सिमेंट या तिन्हींवरचा भार कमी करायचा.

कामाचा क्रम मी उलटा लावला आहे. साधारणपणे आधी मिश्रण ठरतं, मग सळई. इथे सळईपासून सुरुवात. किनाऱ्यावर काँक्रिट स्वतःहून क्वचित मरतं, त्याला आतलं लोखंड फोडतं. काँक्रिटच्या रंध्रांतल्या पाण्याचा पीएच 12.5 ते 13 च्या आसपास असतो आणि तेवढ्या अल्कलीत लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो. मिठातलं क्लोराइड तो थर भेदतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. तो फुगवटा कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रिटचा थर, उडवतो, भेगा पडतात आणि पुढचं मीठ त्या भेगांतून थेट आत जातं.

9 ऑक्टोबर

आज फक्त हिशेब.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार, त्यात 19 ग्रॅमच्या आसपास क्लोराइड. काँक्रिट याच पाण्यात कालवलं आणि घनमीटरला 160 लिटर पाणी धरलं तर जवळपास 3 किलो क्लोराइड पहिल्याच दिवशी काँक्रिटमध्ये बसलं. बांधक द्रव्य (सिमेंट आणि त्याच्या जोडीची पूड) 380 किलो धरलं तर हे प्रमाण 0.8 टक्के. युरोपीय मानक ईएन 206 मध्ये लोखंडी सळईच्या काँक्रिटसाठी मर्यादेचे वर्ग 0.20 आणि 0.40 टक्के आहेत. भारतीय मानक आयएस 456 घनमीटरला 0.6 किलोच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे खारं पाणी आणि साधी सळई एकत्र आणणं शक्य नाही. कोणतंही रसायन घालून हा पाचपटीचा फरक मिटणार नाही.

पण सळई लोखंडाची नसेल तर ही मर्यादा कशासाठी? तिचा सगळा रोख लोखंड वाचवण्यावर आहे. बिनलोखंडाच्या काँक्रिटला क्लोराइडचा त्रास फारच कमी. म्हणूनच आयएस 456 साध्या काँक्रिटसाठी मर्यादा सैल करून 3 किलोपर्यंत जाऊ देतं.

पूर्ण प्रकल्प या एका फटीत उभा आहे.

14 ऑक्टोबर

रोमन बंदरांबद्दल वाचतो आहे. आमच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून नोंद लांबली तरी चालेल.

नेपल्सच्या उपसागराजवळच्या पोत्सुओली भागातली ज्वालामुखीची राख, चुना आणि मोठे दगड एवढ्यावर रोमन लोकांनी समुद्रात धक्के बांधले. ज्यूडियाचा राजा हेरोद याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या, आजच्या इस्रायलमधल्या सीझेरिया बंदरातही ही राख जहाजांनी नेलेली आढळते. 2002 पासून ‘रोमाकॉन्स’ या प्रकल्पात भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांतून काँक्रिटचे गाभे कापून काढले गेले. भूवैज्ञानिक मेरी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 आणि 2017 मध्ये दाखवलं की समुद्राचं पाणी आत झिरपत राहिल्यामुळे त्या काँक्रिटमध्ये अॅल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट आणि फिलिप्साइट ही खनिजं तयार होत गेली. पाण्याने इथे नुसती झीज केली नाही, काही नवं घडवलंही.

यातून घाईचा निष्कर्ष काढू नये. ते काँक्रिट प्रचंड जाड होतं, त्यावर ताण जवळपास नव्हताच, दाब होता. सळई तर नव्हतीच. आमची लादी 100 मिलिमीटरची आणि वाकणारी आहे, तिला ताण घेणारं काहीतरी लागणारच. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: चुन्याशी सावकाश अभिक्रिया करणारं सिलिका आणि अॅल्युमिना भरपूर असलेलं द्रव्य. ज्वालामुखीची राख सगळीकडे नसते. भाजलेली माती मात्र बहुतेक ठिकाणी करता येते.

21 ऑक्टोबर

शिंपल्यांचा पहिला ढीग आला. कालवं आणि तिसऱ्या दोन्ही मिसळलेल्या, मांस काढल्यानंतर फेकून दिलेल्या. किनाऱ्यावर वाहून आलेले शिंपले आम्ही उचलणार नाही. त्यांच्यावर जीव राहतात, आणि तुटून तुटून त्यांचीच पुढे वाळू होते.

शिंपला म्हणजे 95 टक्क्यांहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट. कालवाची शिंपी बहुतांशी कॅल्साइटची, तिसऱ्यांची अॅरागोनाइटची. रसायन तेच, स्फटिक वेगळे. अॅरागोनाइट थोडं जड: घनता 2.93, कॅल्साइटची 2.71.

शिंपले भाजून चुना करा, सिमेंट वाचेल, अशी सूचना प्रत्येक बैठकीत येते. मला ती पटत नाही, आणि याचा हिशेब इथे कायमचा लिहून ठेवतो. 100 किलो कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खाणीतला चुनखडक भाजला तरी हेच आकडे. शिंपला नैसर्गिक आहे म्हणून त्याचा कार्बन वेगळा होत नाही. उलट आज तो शिंपल्यात घट्ट बसला आहे, 900 अंशांच्या भट्टीत घालून आपण त्याला मोकळं करणार. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर कालवांच्या चुन्यात वाळू आणि शिंपले मिसळून ‘टॅबी’ नावाच्या भिंती ओतत असत. त्या देखण्या आहेत, पण त्या काळात दुसरा बांधक मिळत नव्हता. आमचे शिंपले भट्टीत जाणार नाहीत, दळले जातील.

दोन उपयोग: बारीक दळलेली पूड बांधकात, जाडसर भरडा वाळूच्या काही भागाच्या जागी.

27 ऑक्टोबर

सफाई. मांसाचे धागे आणि शिंपल्यातली सेंद्रिय त्वचा राहिली तर सिमेंटचं घट्ट होणं लांबतं, वासही येतो. भिजवणे, घासणे, उकळणे, उन्हात कोरडे करणे. सगळं समुद्राच्या पाण्यातच, मीठ इथे आड येत नाही. एरवी शिंपल्यांच्या काँक्रिटमध्ये मीठ धुवायलाच बरंच गोडं पाणी जातं. ते वाचलं.

जबड्याच्या क्रशरमधून शिंपले काढले की चपट्या कपच्या निघतात. हातोडा गिरणीतून दुसऱ्यांदा काढल्यावर कडा बऱ्यापैकी गोल झाल्या. कपच्या तशाच वापरल्या तर त्या आडव्या पडून एकावर एक बसतात, खाली पाणी साठतं, तिथे बंध कमकुवत होतो. दुसरी फेरी ऐच्छिक समजू नये.

4 नोव्हेंबर

वाळूचा निर्णय. पुळणीतून एक घमेलंही उचलायचं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2022 च्या अहवालात वाळू आणि खडीचा जागतिक वापर वर्षाला सुमारे 50 अब्ज टन दिला आहे. पाण्याखालोखाल माणूस सर्वाधिक वापरतो ते हेच. पुळण ही किनाऱ्याची ढाल आहे. ती खणून त्याच किनाऱ्यासाठी लाद्या करायच्या, मग धूप वाढली की आणखी काँक्रिट ओतायचं, या चक्राला टिकाऊ म्हणता येणार नाही.

आम्ही घेतो आहोत ती जलमार्ग खोल ठेवण्यासाठी तसाही उपसला जाणारा गाळ, त्यातला वाळूचा भाग. दाणा बारीक, गोल आणि जवळपास एकाच मापाचा आहे. एकमापी वाळूत पोकळ्या जास्त राहतात, त्या भरायला बांधक जास्त लागतं. त्यात दगडाची चुरी आणि शिंपल्यांचा भरडा मिसळला की चाळणीचा आलेख सरळ होतो, म्हणजे लहानमोठे सगळे दाणे प्रमाणात येतात. भरड्याचं प्रमाण एकूण वाळूच्या वजनाच्या 15 टक्के. त्याच्या बरंच वर गेलं की काँक्रिट खरबरीत होतं आणि ताकद उतरायला लागते.

12 नोव्हेंबर

भाजलेली माती.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ‘ईपीएफएल’ संस्थेत कॅरेन स्क्रिव्हनर यांच्या गटाने क्युबा आणि भारतातल्या संशोधकांबरोबर विकसित केलेलं ‘एलसी3’ सिमेंट आमचा आधार. त्याचं नेहमीचं सूत्र: क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ घटक) 50 टक्के, भाजलेली माती 30, चुनखडीची पूड 15, जिप्सम 5. चुनखडीच्या जागी आम्ही शिंपल्यांची पूड घालतो आहोत. ही पूड नुसती भर नाही. भाजलेल्या मातीतलं अॅल्युमिना आणि पुडीतलं कार्बोनेट मिळून कार्बोअॅल्युमिनेट तयार होतात आणि रंध्रं बारीक करतात.

माती भाजायला 700 ते 850 अंश पुरतात, क्लिंकरला 1450 लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मातीतलं केओलिनाइट हे खनिज तापल्यावर सोडतं ते पाणी, वजनाच्या सुमारे 14 टक्के. कार्बन डायऑक्साइड फक्त इंधनाचा. चुनखडी आणि मातीमधला हा फरक मला या विषयातली सगळ्यात आशादायक गोष्ट वाटते.

मातीत केओलिनाइट 40 टक्क्यांच्या आसपास असलं तरी चालतं, चिनी मातीच्या कारखान्यासारखी शुभ्र माती लागत नाही. खाडीतला चिखल तपासला नाही आणि तपासणार नाही. तिथे खारफुटी आहे, शिवाय अशा गाळात इतर खनिजं आणि सेंद्रिय भाग बराच मिसळलेला असतो. जवळच्या टेकडीच्या उत्खननात बाजूला टाकलेली फिकट माती घेतली. ‘आर3’ चाचणी लावली: भाजलेली माती, कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट यांची लापशी 40 अंशांवर सात दिवस ठेवायची आणि अभिक्रियेत किती उष्णता निघाली ते मोजायचं. माती उपयोगाची निघाली. भाजल्यावर लोहामुळे तिला विटेसारखा रंग आला, लाद्याही तांबूस होणार.

15 नोव्हेंबर

बांधकाचं प्रमाण, घनमीटरला 380 किलो धरून: साधं सिमेंट 55 टक्के म्हणजे 209 किलो, भाजलेली माती 114, शिंपल्यांची पूड 57. सिमेंटमध्ये जिप्सम असतंच, पण इतक्या अॅल्युमिनाला ते पुरत नाही, म्हणून मातीच्या वाट्यातून किंचित कमी करून तेवढं जिप्सम घातलं. न घातल्यास पहिल्या दिवसाची ताकद रखडते.

किलोभर सिमेंटमागे 0.8 ते 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर पूर्ण सिमेंटचं मिश्रण घनमीटरला सव्वातीनशे किलोच्या आसपास जातं. आमचं, माती भाजण्याचं इंधन आणि दळण धरून, दोनशेच्या थोडं वर. साधारण तिसरा हिस्सा कमी.

23 नोव्हेंबर

सळईची निवड. यावर गटात सगळ्यात जास्त वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

बांबू. किनाऱ्याजवळ उगवतो, ताणात मजबूत, कार्बन साठवतो. 1966 मध्ये अमेरिकी नौदलाच्या स्थापत्य प्रयोगशाळेने बांबू-काँक्रिटच्या रचनेवर अहवालही काढला होता. पण ओल्या काँक्रिटमध्ये बांबू पाणी पिऊन फुगतो, नंतर वाळून आकसतो आणि बंध सुटतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हे रोज होणार. लेप दिला तरी पेरांपाशी आणि कापलेल्या टोकांशी तो टिकत नाही. शिवाय अल्कली त्याचे तंतू खाते. बांबूवर माझा जीव आहे, छपरात, कुंपणात तो उत्तम. उधाणाच्या पाण्यावरच्या, माणसं चालणार त्या लादीत मी तो घालणार नाही.

काथ्या. लिग्निन भरपूर असल्याने बाकी वनस्पतींच्या तंतूंपेक्षा अल्कलीत बरा टिकतो. सळईची जागा घेऊ शकत नाही, पण काँक्रिट घट्ट होत असताना वरच्या थराला पडणाऱ्या आकसण्याच्या भेगा धरून ठेवतो. कापून, थोड्या प्रमाणात घ्यायचा ठरला. तो कालांतराने कुजला तरी तेव्हा त्याचं काम झालेलं असेल.

स्टेनलेस स्टील. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोच्या धक्क्यात 1937 ते 1941 दरम्यान 304 दर्जाची सळई घातली. तो धक्का दशकानुदशकं वापरात राहिला, आणि शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेला धक्का मोडकळीला आला. यापेक्षा ठळक पुरावा मागायचा कुठे? पण खाऱ्या पाण्यातच कालवलेल्या काँक्रिटसाठी आणखी वरचा दर्जा घ्यावा लागेल, आणि आमच्या लहान लादीला ते जड पडतं.

काचतंतूची सळई, म्हणजे जीएफआरपी. गंजत नाही. वजन लोखंडाच्या पाव हिश्शाच्या आसपास. फ्लोरिडात होमोसासा इथल्या हॉल्स रिव्हर पुलात ती मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. 2022 मध्ये ‘एसीआय 440.11’ ही अमेरिकी काँक्रिट संस्थेची स्वतंत्र संहिताही आली. हिच्या वाईट बाजू मी निवडीच्या कागदावर चांगल्या बाजूंइतक्याच जागेत लिहिल्या आहेत. ती जागेवर वाकवता येत नाही. लोखंडासारखी ताणली जाऊन इशारा देत नाही, सरळ रेषेत ताण घेते आणि तुटते. ताठपणा लोखंडाच्या चौथ्या हिश्शाइतका. काचतंतूंना एकत्र धरणारी राळ आगीत मऊ पडते. आणि ती राळ खनिज तेलापासूनची आहे, आयुष्य संपल्यावर ती वितळवून पुन्हा सळई करता येत नाही. लोखंडाची करता येते.

निवड जीएफआरपीची झाली. ती स्थानिक नाही. पण तिच्या जोरावर पाणी, वाळू, शिंपले हे सगळं वजनदार साहित्य स्थानिक होतं, धुवावं लागत नाही, आणि लादी गंजाने फुटण्याचं मूळ कारणच जातं. लादीच्या 240 किलोंत सळईचा वाटा दीड किलोच्या आत आहे.

एक गोष्ट जुळून आली. एलसी3 सारख्या बांधकात मोकळा चुना कमी उरतो, रंध्रांतली अल्कली थोडी सौम्य होते. लोखंडाला ते तोट्याचं, कारण त्याचं कवच अल्कलीवर अवलंबून असतं. काचतंतूंना मात्र अल्कलीच खाते, म्हणजे त्यांना ते फायद्याचं. ईसीआर काच आणि व्हिनिल एस्टर राळ, म्हणजे रसायनांत जास्त टिकणारे प्रकार, असलेलीच सळई मागवली.

2 डिसेंबर

रचना. लादीचं स्वतःचं वजन 1.2 किलोन्यूटन प्रतिमीटर, माणसांचा भार 5 किलोन्यूटन प्रतिचौरस मीटर धरून 2.5. दोन मीटरच्या गाळ्याला मध्यावर वाकवणारा आघूर्ण सुमारे 1.85 किलोन्यूटन-मीटर. एम30 (28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन दाब सोसणाऱ्या) काँक्रिटच्या या छेदाला पहिली भेग 2.8 च्या आसपास पडते. रोजच्या वापरात भेगच पडू नये हा उद्देश, कारण एकदा भेग पडली की कमी ताठपणामुळे लादी लोखंडाच्या लादीपेक्षा कितीतरी जास्त वाकेल.

10 मिलिमीटरच्या चार सळया खालच्या बाजूला. तीनही ताकदीला पुरल्या असत्या. पण तीन घेतल्या तर अतिभारात आधी सळई तुटते, चार घेतल्या तर आधी वरचं काँक्रिट चिरडतं. लोखंडाच्या रचनेत आपण नेमकं उलटं शिकलो: सळई आधी ताणली जावी, काँक्रिट मागे राहावं. इथे काँक्रिटचं चिरडणं जास्त सावकाश आणि दिसणारं आहे, म्हणून तेच मागायचं.

11 डिसेंबर

चाचणी मिश्रणं. पाणी आणि बांधक यांचं गुणोत्तर 0.42. समुद्राचं पाणी भरतीच्या वेळी, प्रवाहाच्या मुखापासून लांब भरलं, रात्रभर निवळू दिलं, गाळून घेतलं.

स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रिटचा पातळपणा, फार लवकर पडतो. दोन कारणं एकत्र येतात. भाजलेल्या मातीचे कण चपटे आणि तहानलेले, पाणी आणि सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात मिश्रण पातळ ठेवणारं रसायन) दोन्ही धरून ठेवतात. आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार सुपरप्लास्टिसायझरमधल्या पॉलिकार्बोक्झिलेटचा परिणाम कमी करून सिमेंटची अभिक्रिया वेगाने सुरू करतात. मिस्त्री म्हणाले, “हे काँक्रिट वाट बघत नाही, आधी सगळं मांडून ठेवा, मगच मिक्सर चालू करा.” त्यांचं म्हणणं कामाचा नियम म्हणून लावलं. सुपरप्लास्टिसायझर दोन हप्त्यांत द्यायचा, अर्धा सुरुवातीला, अर्धा शेवटी. वरून पाणी घालायला सक्त मनाई.

काथ्या कोरडा टाकला की गोळे होतात. आधी समुद्राच्या पाण्यात भिजवून, निथळून, मिक्सर फिरत असताना चिमटीने सोडायचा.

18 डिसेंबर

लाद्या ओतल्या.

जीएफआरपी काँक्रिटपेक्षा हलकी असते. व्हायब्रेटर लागला की सळयांची जाळी वर तरंगायला बघते आणि खालचं 25 मिलिमीटरचं कव्हर वाढून ती मधोमध येते, म्हणजे निम्मी निरुपयोगी. जाळी साच्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ठेवली, प्रत्येक लादीत व्हायब्रेटरनंतर खोली मोजली.

बांधणीची लोखंडी तार कुठेही नाही. उचलण्याचे हूकही नाहीत, पट्टा अडकवायला दोन आरपार भोकं. इतक्या मीठभरल्या काँक्रिटमध्ये तारेचा एक तुकडा राहिला तरी तिथून तांबेरा उमटेल. सळई कापताना मास्क आणि हातमोजे अनिवार्य, काचेची धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही. उरलेल्या सळया कापडाखाली झाकल्या, ऊन राळेला चांगलं नाही.

19 डिसेंबर

साचे उघडले. कडा स्वच्छ. गोणपाट टाकून समुद्राच्या पाण्याने क्युरिंग सुरू. या बांधकाला ओल जास्त दिवस लागते, ती तोडायची नाही.

16 जानेवारी 2025

28 दिवसांचे घन, म्हणजे चाचणीसाठी ओतलेले ठोकळे, दाबले. सोबत गोड्या पाण्याच्या त्याच मिश्रणाचे घन होते. सात दिवसांना खाऱ्या पाण्याचे पुढे होते, आता फरक जवळपास मिटला. अपेक्षित होतं तसंच: क्लोराइड सुरुवातीची अभिक्रिया पळवतं, नंतरची वाढ त्या मानाने मंदावते. एम30 पार झालं. फोडलेल्या घनांत शिंपल्याच्या कपच्या बहुतेक ठिकाणी मधून तुटल्या आहेत, सुटून निघालेल्या नाहीत. बंध चांगला आहे.

29 जानेवारी

टिकाऊपणाच्या चाचण्यांबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण नेहमीची मोजमापं इथे फसवतात.

सिल्व्हर नायट्रेट फवारून मीठ किती खोल गेलं ते बघण्याची पद्धत बाद. इथे मीठ पहिल्यापासून सगळीकडे आहे, सगळा काप पांढरा पडतो.

अमेरिकी मानक ‘एएसटीएम सी1202’ ची चाचणी म्हणजे सहा तासांत काँक्रिटमधून किती विद्युतभार गेला ते मोजणं. 1000 कूलंबच्या आत फार कमी पारगम्यता, 4000 च्या वर जास्त. पण रंध्रांतलं पाणीच खारं असल्याने ते वीज चांगली वाहतं. आकडा वाढतो तो मार्ग रुंद आहेत म्हणून की पाणी खारं आहे म्हणून, हे त्या आकड्यातून वेगळं करता येत नाही. विद्युतरोधाच्या चाचणीलाही तोच आक्षेप.

म्हणून आम्ही केशाकर्षणाने पाणी किती वेगाने वर चढतं ते वजनावर मोजतो आहोत, ‘एएसटीएम सी1585’ प्रमाणे. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे मीठ तुलनेत ढवळाढवळ करत नाही. पूर्ण सिमेंटच्या घनांपेक्षा आमच्या घनांत पाणी स्पष्टपणे हळू चढतं. भाजलेल्या मातीने रंध्रं बारीक केल्याचा हा सरळ पुरावा मी मानतो.

6 फेब्रुवारी

वाकवण्याची चाचणी, एक लादी मोडेपर्यंत. पहिली भेग हिशेबाच्या जवळ पडली. त्यानंतर लादी खूप वाकली, बघणाऱ्यांना आता तुटणार असं वाटावं इतकी. शेवटी हिशेबाप्रमाणे वरच्या बाजूचं काँक्रिट चिरडलं, सळया अखंड राहिल्या. भार काढल्यावर लादी बरीचशी सरळ झाली, भेगा मिटल्यासारख्या झाल्या. लोखंडाची असती तर वाकलेलीच राहिली असती.

वापरणाऱ्यांसाठी यातून सूचना निघते: अशी लादी जबर धक्क्यानंतर वरून ठीक दिसेल, तरी खालून भेग तपासायलाच हवी.

20 मार्च

लाद्या बसवल्या. टेकण्याच्या जागी रबराच्या पट्ट्या. पृष्ठभागावर झाडूची रेघारेघांची खरड ठेवली आहे, ओल्यात पाय घसरू नये म्हणून.

14 सप्टेंबर

पहिली सविस्तर पाहणी. कडांना पांढरे क्षार फुलले आहेत, ब्रशने निघतात. तांबेरा कुठेही नाही. खालच्या अंगाला भेग नाही. सर्वांत खालच्या लाद्यांवर लहान शंखजीव बसायला लागले आहेत.

समुद्रातलं मॅग्नेशियम पृष्ठभागावरच्या चुन्याची जागा घेऊन ब्रुसाइट हे खनिज करतं, पुढे बांधकाच्या जेललाही, म्हणजे कणांना जोडून ठेवणाऱ्या द्रव्यालाही, कमकुवत करू शकतं. हा हल्ला सळई बदलल्याने थांबत नाही, तो काँक्रिटवरच आहे. म्हणून कोपऱ्यांची कठीणता नखाएवढ्या जागेत ओरखडून दर पाहणीत बघायची, आणि वर्ष पूर्ण झालं की बसवलेल्या एका लादीतून गाभा कापून वरच्या काही मिलिमीटरचं खनिज परीक्षण करायचं. त्याच लादीतली सळई काढून ताणायची, राळेपर्यंत अल्कली पोहोचली आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

पुढच्या खेपेसाठी दोन बदल मंजूर झाले. सिमेंटचा वाटा 55 वरून 50 टक्क्यांवर आणायचा. आणि काही लाद्यांत काचेऐवजी बेसॉल्टच्या तंतूंची सळई घालायची, कारण बेसॉल्टचा दगड आमच्या खडीतच आहे. राळेचा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहतो, त्यावर काम करणाऱ्या गटांशी बोलणं सुरू केलं आहे. साचे साफ करून तेल लावून ठेवले. शिंपल्यांचा नवा ढीग सोमवारपासून भिजत घालायचा आहे.